विश्लेषण : हॉटेलवाल्यांच्या गोदामातून घरचा किराणा भरणे खरेच स्वस्त पडते का?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हमखास एक मेसेज येतो. ‘कोणाकडे होलसेलचे कार्ड आहे का?’ मग कोणीतरी तेलाच्या डब्याचा फोटो टाकतो, कोणी तांदळाच्या कट्ट्याचा दर सांगतो आणि रविवारी दोन गाड्या शहराबाहेरच्या मोठ्या गोदामाकडे निघतात. तिथे दहा-दहा फूट उंच रॅकवर १५ किलोचे तेलाचे डबे, ३० किलोचे तांदळाचे कट्टे, एक किलोचे चीजचे ठोकळे आणि अडीच किलोची फ्रोझन फ्रेंच फ्राइजची पाकिटे रचलेली असतात. दर पाहून ‘आजवर आपण वाण्याला उगाच पैसे देत होतो’ असे वाटते.

ही दुकाने मुळात हॉटेल, खानावळी, केटरर आणि किराणा दुकानदारांसाठी असतात. तिथले दर कमी असतात, हेही खरे. पण तो दर पोते आठवड्यात संपवणाऱ्यासाठी ठरवलेला असतो. तेच पोते सहा महिने घरात राहिले, तर हिशेब बदलतो. किती बदलतो, कुठे फसगत होते आणि कुठे खरोखर पैसे वाचतात, ते समजून घेऊ.

ही दुकाने नेमकी कोणती?

या व्यवसायाला ‘कॅश अँड कॅरी’ म्हणतात. रोख पैसे द्या, माल स्वतःच्या गाडीत टाका आणि घेऊन जा. उधारी नाही, घरपोच नाही, अशी मूळ कल्पना. जर्मनीच्या मेट्रो कंपनीने १९६०च्या दशकात ती युरोपात रुजवली. भारतात मेट्रोचे पहिले दुकान २००३ मध्ये बेंगळूरुत उघडले. त्यानंतर २००९ मध्ये वॉलमार्टने भारतीय भागीदाराबरोबर अमृतसरमध्ये ‘बेस्ट प्राइस’ सुरू केले. आज या दोन्हींची मालकी बदलली आहे. वॉलमार्टचा भारतातील घाऊक व्यवसाय २०२० मध्ये फ्लिपकार्टकडे गेला, तर मेट्रोचा भारतातील व्यवसाय रिलायन्स रिटेलने २०२३ मध्ये २,८५० कोटी रुपयांना विकत घेतला. याशिवाय झोमॅटोची ‘हायपरप्युअर’सारखी सेवा थेट हॉटेलांना माल पुरवते.

डीमार्टसारखी दुकाने यात मोडत नाहीत. ती किरकोळ विक्रीची दुकाने आहेत आणि तिथे कोणीही जाऊ शकतो. जुन्या पद्धतीचा घाऊक बाजार म्हणजे वाशीची बाजार समिती, पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभाग, मस्जिद बंदर. तिथे कार्ड लागत नाही, पण कट्ट्याखाली माल सुटा मिळेलच असे नाही.

कार्ड कशाला लागते?

याचे उत्तर परकीय गुंतवणुकीच्या धोरणात आहे. घाऊक ‘कॅश अँड कॅरी’ व्यवसायात १०० टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा आहे. अनेक ब्रँड विकणाऱ्या किरकोळ दुकानांत मात्र ती ५१ टक्क्यांपर्यंतच आणि तीही अटींसह चालते. मग परकीय कंपनीने घाऊकच्या नावाखाली किरकोळ दुकान चालवू नये, यासाठी ग्राहक कोण हे पाहिले जाते. धोरणात स्पष्ट म्हटले आहे की, विक्री घाऊक आहे की किरकोळ हे मालाच्या प्रमाणावरून नव्हे, तर ग्राहकाच्या प्रकारावरून ठरेल. म्हणजे तुम्ही घरासाठी १०० किलो साखर घेतली, तरी ती किरकोळ खरेदीच.

त्यामुळे अशा दुकानांत ग्राहकाकडे जीएसटी नोंदणी, दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद (मुंबईत ज्याला अजून ‘गुमास्ता’ म्हणतात), फेरीवाला परवाना किंवा असाच व्यवसायाचा पुरावा मागितला जातो. नोंदणीकृत संस्था आणि सार्वजनिक न्यास यांना स्वतःच्या वापरासाठी खरेदी करता येते. म्हणूनच देवस्थानाचे अन्नछत्र किंवा विद्यार्थ्यांचे वसतिगृह येथून माल उचलू शकते.

भारतीय मालकीच्या घाऊक दुकानांना हे बंधन याच स्वरूपात लागू होत नाही. तिथे घरगुती ग्राहकाला प्रवेश द्यायचा की नाही, हे दुकानाचे धोरण ठरवते. त्यामुळे गाडी काढण्यापूर्वी फोन करून विचारणे उत्तम.

मित्राच्या कार्डावर खरेदी केली तर काय बिघडते?

बहुतेक घरगुती खरेदी अशीच होते. कोणाच्या तरी भावाचे हॉटेल असते, कोणाचे स्टेशनरीचे दुकान असते. त्याच्या कार्डावर आपण महिन्याचा किराणा भरतो. यात दोन अडचणी आहेत आणि दोन्ही सहसा कोणी सांगत नाही.

पहिली अडचण कार्डधारकाची. बिल त्याच्या जीएसटी क्रमांकावर फाटते. व्यवसायासाठी घेतलेल्या मालावर भरलेला कर त्याला पुढे वजा करून मिळतो. मात्र वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरील कर असा वजा करता येत नाही, असे जीएसटी कायद्याचे कलम १७(५) सांगते. तुमच्या घरचे तूप आणि सुकामेवा त्याच्या हिशेबात मिसळले आणि त्याने त्यावर करपरतावा घेतला, तर तपासणीत उत्तर त्याला द्यावे लागते.

दुसरी अडचण तुमची. समजा पीठ किडलेले निघाले किंवा तेलाला वास आला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘ग्राहक’ या शब्दाची व्याख्या आहे. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी कारणासाठी माल घेणारा त्यात येत नाही. बिलावर नाव आणि जीएसटी क्रमांक हॉटेलचा असेल, तर ‘मी घरासाठी घेतले होते’ हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि बिल तर तुमच्या नावाचे नसतेच. चारशे रुपये वाचवताना तक्रारीचा हक्क आपण कमकुवत करून घेतो.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी माल घेणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो. घरून डबे देणाऱ्या किंवा दिवाळीत फराळाच्या ऑर्डर घेणाऱ्या महिलांसाठी ही तरतूद मोलाची आहे. अशांनी एफएसएसएआयची नोंदणी आणि दुकाने-आस्थापना कायद्याखालील नोंद स्वतःच्या नावे करून स्वतःचेच कार्ड काढावे. महाराष्ट्रात मोजके कामगार असलेल्या लहान आस्थापनेला परवान्याची गरज नसून ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

दर कमी असण्याचे कारण काय?

एक म्हणजे पॅकिंग. एक किलोच्या तीस पिशव्या भरणे, त्यांवर छपाई करणे, त्या खोक्यात रचणे आणि दुकानात मांडणे यापेक्षा एक कट्टा शिवणे स्वस्त पडते. दुसरे, मधल्या साखळीतील एखादा टप्पा कमी होतो. तिसरे, दुकान गोदामासारखे असते. जागा शहराच्या कडेला, सजावट नाही, माणसे कमी. चौथे, माल लवकर फिरतो, त्यामुळे दुकानदाराचा पैसा अडकून राहत नाही.

यातले शेवटचे कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. घाऊक दुकानदार साठवणुकीचा खर्च स्वतः करत नाही, तो पुढच्यावर टाकतो. हॉटेलमालकाकडे कोठीघर असते, माल रोज लागतो. घरगुती ग्राहकाकडे पलंगाखालची जागा असते. मिळालेल्या सवलतीत आपल्या घरच्या साठवणुकीचे भाडे, कीड आणि नासधूस हे सगळे धरलेले आहे.

१५ किलोचा डबा की १५ लिटरचा?

घाऊक दुकानातली सर्वाधिक होणारी चूक म्हणजे तेलाचा डबा. शेजारी शेजारी ठेवलेले दोन डबे दिसायला जवळपास सारखेच असतात. एकावर १५ किलो लिहिलेले असते, दुसऱ्यावर १५ लिटर. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलो तेल असते, तर १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर.

हिशेबासाठी काही आकडे धरू. १५ किलोचा डबा २,१०० रुपयांना आणि १५ लिटरचा २,००० रुपयांना आहे. वाण्याकडे एक लिटरची पिशवी १३५ रुपयांना मिळते. पाहताक्षणी दुसरा डबा शंभर रुपयांनी स्वस्त वाटतो. पण लिटरमागे पहिला सुमारे १२७ रुपयांना पडतो आणि दुसरा १३३ रुपयांना. पिशव्यांच्या तुलनेत पहिल्या डब्यावर सव्वाशे रुपये वाचतात, दुसऱ्यावर फक्त २५. एवढ्यात रिक्षाचे मीटरही पडत नाही.

किरकोळ पाकिटांवर आता एकक विक्री किंमत, म्हणजे ग्रॅम, किलो किंवा लिटरमागचा दर छापणे बंधनकारक आहे. मात्र संस्थात्मक ग्राहकांसाठीच्या पॅकना आणि २५ किलो किंवा २५ लिटरहून मोठ्या पॅकना वैधमापनशास्त्राचे हे पॅकबंद वस्तूंचे नियम लागू होत नाहीत. त्यावर कमाल किरकोळ किंमत नसली, तर ती चूक नव्हे. ‘नॉट फॉर रिटेल सेल’ असे लिहिलेले पाकीट हे त्याचेच चिन्ह. म्हणजे जिथे तुलना करणे सर्वात गरजेचे, तिथेच ती करून देणारा आकडा नसू शकतो. भागाकार स्वतःच करावा लागतो.

तांदळाचे पोते २६ किलोचे का असते?

हा प्रश्न अनेकांना पडला असेल. उत्तर जीएसटीत आहे. १८ जुलै २०२२ पासून आधीच पॅक केलेल्या आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी व पिठावर पाच टक्के कर लागू झाला, पण २५ किलोपर्यंतच्या पॅकवर. त्याहून मोठे एकच पोते करातून सुटते. सुटे धान्यही सुटते. म्हणून बाजारात २६ आणि ३० किलोच्या पोत्यांची चलती सुरू झाली.

घरगुती ग्राहकाला याचा अर्थ असा की, पॅकबंद ब्रँडेड तांदूळ आणि ३० किलोचा कट्टा यांच्या दरातील पाच टक्के फरक हा फक्त कराचा असतो. आणि तो मिळवण्यासाठी ३० किलो घरी न्यायची गरज नाही. कोपऱ्यावरचा वाणी मोठ्या पोत्यातून सुटा तांदूळ तोलून देतो, त्यावरही हा कर नाही. काही घाऊक दुकानांत फळीवर करासह आणि कराविना असे दोन दर लावलेले असतात. मोठ्या अक्षरातला बहुधा कराविना असतो. तुलना करताना करासहचा घ्या.

मार्केट यार्डातून कट्टा घेत असाल, तर वजन बारदानासह आहे की बारदान वजा जाता, हे विचारून घ्या. ५० किलोच्या तागाच्या पोत्याचे स्वतःचे वजन अर्ध्या किलोहून थोडे जास्त असते. हमाली आणि तोलाई वेगळी लागणार का, हेही आधीच ठरवावे.

हॉटेलचा माल आणि घरचा माल एकच असतो का?

नेहमीच नाही. आणि इथे पैशापेक्षा मोठा प्रश्न आहे, तो आपण काय खातो याचा. हॉटेलसाठीच्या फ्रीझरमध्ये पनीरच्या शेजारीच ‘ॲनालॉग’ नावाचे पांढरे ठोकळे असतात. रंग, आकार, पॅकिंग सगळे पनीरसारखे, दर मात्र बराच कमी. यात दुधातील घटकांऐवजी, विशेषतः दुधातील स्निग्धांशाऐवजी, वनस्पती तेल वापरलेले असते. ते विकणे बेकायदा नाही. मात्र लेबलवर तसे स्पष्ट लिहावे लागते आणि त्याला पनीर म्हणता येत नाही. चीजचेही तसेच. ‘पिझ्झा टॉपिंग’ किंवा ‘ॲनालॉग’ म्हणजे मोझरेला नव्हे. पिवळ्या पाकिटावर ‘फॅट स्प्रेड’ किंवा ‘मार्गारीन’ लिहिले असेल, तर ते लोणी नव्हे.

हॉटेलवाला हे जाणून घेतो. घरी मात्र ‘अरे वा, पनीर इतके स्वस्त’ म्हणून ते मुलांच्या डब्यात जाते. त्यामुळे पाकिटावरचे मोठे नाव सोडून मागच्या बाजूचे पदार्थाचे नाव आणि घटकांची यादी वाचावी. तेलाच्या डब्यावरही ‘ब्लेंडेड’ हा शब्द शोधावा. दोन तेलांचे मिश्रण असेल, तर कोणते तेल किती टक्के हे लिहिलेले असते.

याच गोष्टीची एक चांगली बाजूही आहे. हॉटेलवाल्यांची मालाची प्रतवारी कळली, तर घरचे पैसे खरोखर वाचतात. बासमतीत अख्ख्या दाण्याखाली तिबार, दुबार आणि मोगरा अशा प्रती असतात. तिबारमध्ये दाणा साधारण पाऊण, दुबारमध्ये अर्धा आणि मोगऱ्यात त्याहून लहान. वास आणि चव बासमतीचीच. रोजच्या मसालेभाताला किंवा खिचडीला अख्ख्या दाण्याचे पैसे मोजायची गरज नाही.

काजूचेही तसेच. पाकिटावरचा ‘डब्ल्यू ३२०’ म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे काजू बसतात. ‘डब्ल्यू २४०’मध्ये २२० ते २४०. आकडा लहान, तेवढा काजू मोठा आणि महाग. पण रश्शाला वाटून घालायचा काजू पाकळी असो, तुकडा असो की कणी, चवीत फरक पडत नाही. अख्खा काजू वाटून घालणारे घर हॉटेलपेक्षा महागडा स्वयंपाक करत असते.

फायदा कधी शून्यावर येतो?

यासाठी एक सोपे सूत्र आहे. दरात जेवढे टक्के सूट, तेवढेच टक्के माल वाया गेला की फायदा शून्य. सूट १० टक्के असेल आणि दहावा हिस्सा किडला, खवट झाला किंवा फेकला, तर तुम्ही वाण्याच्याच दराने जेवलात. त्यात पोते उचलायचे कष्ट फुकट.

उदाहरण घेऊ. तांदूळ वाण्याकडे ६० रुपये किलो आणि घाऊक दुकानात ५२ रुपये धरू. ३० किलोचा कट्टा १,५६० रुपयांना येतो, वाण्याकडे तेवढाच तांदूळ १,८०० रुपयांचा. बचत २४० रुपये. सूट साधारण १३ टक्के, म्हणजे चार किलो वाया गेला की बचत संपली. आता जाण्यायेण्याचे पेट्रोल आणि पार्किंग मिळून २०० रुपये धरा. एकूण खर्च १,७६० होतो. आता पाऊण किलो जरी वाया गेला, तरी तांदूळ वाण्यापेक्षा महाग पडतो. तीन किलो फेकावा लागला, तर खाल्लेल्या तांदळाचा दर किलोमागे ६५ रुपयांवर जातो.

महिन्याला पाच किलो तांदूळ लागणाऱ्या घरात हा कट्टा सहा महिने पुरेल. त्या सहा महिन्यांत एक पावसाळा येण्याची शक्यता मोठी. आणखी एक खर्च कागदावर दिसत नाही. घरात डबा भरलेला असला की हात सैल सुटतो. एक लिटरची पिशवी जपून वापरणारे घर १५ किलोचा डबा आला की भजी जास्त तळते.

साठवणीचा अनुभव काय सांगतो?

मोठी खरेदी आपल्याला नवी नाही. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी होती आणि अनेक घरांत अजून आहे. पण ती बेगमी नुसती खरेदी नव्हती. नवा गहू बाजारात आल्यावर घ्यायचा, कडक ऊन दाखवायचे, निवल्यावर पत्र्याच्या कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून भरायचा, तूरडाळीला एरंडेल चोळायचे. हे सगळे मिळून एक तंत्र होते. आज पोते येते, गच्ची आणि वेळ येत नाही.

कीड बहुतेकदा घरात शिरत नाही, पोत्यातूनच येते. तांदळातल्या टोक्याची मादी दाण्याच्या आत अंडी घालते. ती डोळ्याला दिसत नाहीत. उबदार, दमट हवेत साधारण महिन्याभरात त्यातून नवा किडा बाहेर पडतो आणि एक मादी शेकडो अंडी घालू शकते. म्हणून आणलेला स्वच्छ तांदूळ दोन महिन्यांनी अचानक वळवळताना दिसतो. थोडे धान्य असेल, तर ते हवाबंद पिशवीत चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्यास अंडी मरतात. मोठ्या साठ्याला ऊन आणि कोरडी, घट्ट झाकणाची कोठी हाच उपाय.

इथे एक इशारा गंभीर आहे. धान्यात टाकण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्या ‘सल्फास’ नावाने ओळखल्या जातात, त्या घरात कधीही वापरू नयेत. ओलाव्याशी संपर्क आला की त्यातून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू निघतो. बंद खोलीत तो जिवावर बेततो. त्या गोदामांसाठी आहेत आणि तिथेही प्रशिक्षित माणसानेच हाताळायच्या असतात. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची सवयही सोडावी. अन्नात तिला परवानगी नाही.

मग काय घ्यावे, काय टाळावे?

साखर आणि मीठ कोरडे राहिले तर खराब होत नाही. अख्खा गहू, जुना तांदूळ, अख्खे कडधान्य नीट साठवल्यास महिनोन्महिने टिकते. अख्खे मसाले दळलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त काळ वास धरून राहतात. साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचा लिक्विड यांना कीड लागत नाही. घरगुती ग्राहकाची सर्वात बिनधोक घाऊक खरेदी बहुधा याच फळीवर असते.

याउलट गव्हाचे पीठ घाऊक घेऊ नये. गहू दळला की त्यातील स्निग्धांश हवेच्या संपर्कात येतो आणि पीठ महिना-दोन महिन्यांत कडवट होऊ लागते. बेसन, रवा, शेंगदाणे, सुके खोबरे आणि सुकामेवा यांचेही तेच. बुरशी आलेले किंवा कडू लागणारे शेंगदाणे निवडून उरलेले वापरू नयेत, सगळेच टाकावेत. अशा बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकते. तेलाचा डबा उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपणार असेल तरच घ्यावा. उघडलेल्या डब्यातले तेल लहान, स्वच्छ, कोरड्या भांड्यांत काढून अंधाऱ्या जागी झाकून ठेवावे. फ्रोझन माल घरच्या फ्रीझरमध्ये मावेल तेवढाच घ्यावा आणि एकदा वितळलेला पुन्हा गोठवू नये. घाऊक दुकानातून घरी येईपर्यंत तासभर लागत असेल, तर थर्मोकोलचा खोका गाडीत हवाच.

वाटून घेतले तर?

घरगुती ग्राहकासाठी घाऊक दराचा खरा उपयोग इथे आहे. तीन घरांनी मिळून ३० किलोचा कट्टा घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा किलो येतो आणि तो दोन महिन्यांत संपतो. कीड पडायला वेळच मिळत नाही. एकाच फेरीत तांदूळ, तूरडाळ, साखर आणि तेल मिळून दहा घरांचे सामान आले, तर प्रवासाचे दोनशे रुपये घरामागे वीसवर येतात. वरच्या उदाहरणात जो फायदा पेट्रोलमध्ये विरघळला होता, तो इथे हातात राहतो.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. बिलाचा फोटो ग्रुपवर टाकावा. वाटणी डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, वजनकाट्यावर करावी. तेल वाटताना लिटर की किलो हे आधी ठरवावे, नाहीतर शेवटच्या घराला डब्याचा तळ मिळतो. पॅकची तारीख आणि बॅच क्रमांक सर्वांकडे असावा. कार्ड कोणाचे वापरले आणि बिल कोणाच्या नावे आहे, हे सगळ्यांना माहीत असावे. शक्यतो कार्डाची अट नसलेल्या मार्केट यार्डातून किंवा घरगुती ग्राहकाला उघड प्रवेश देणाऱ्या दुकानातून, आपल्याच नावाचे बिल घेऊन खरेदी करावी. मग मालात खोट निघाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करताना हातात पुरावा असतो. वजनात तफावत असेल, तर वैधमापनशास्त्र विभागाकडे जाता येते.

थोडक्यात काय?

पुढच्या वेळी गोदामातल्या फळीसमोर उभे राहिल्यावर मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढावा आणि तीन प्रश्न विचारावेत. करासह, किलोमागे किंवा लिटरमागे हा दर किती? हे माझ्या घरात किती दिवसांत संपेल? आणि सुटीएवढे टक्के वाया जाणार नाही याची मला खात्री आहे का? तिन्हींची उत्तरे ठीक असतील तर कट्टा गाडीत टाकावा. नसतील तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पाच किलो तांदूळ घ्यावा. किलोमागचे आठ रुपये तो आपल्या वतीने माल साठवण्याचे, निवडण्याचे आणि किडलेला परत घेण्याचे घेत असतो.